एक्केचाळीस नंबरची शाळा

टक्केला घरात टक्के म्हणायचे, त्याला कारण होतं. सहा-सात वर्षांची असताना ती गॅसपुढे स्टुलावर उभी राहून दुधावर पहारा करायची आणि आतल्या खोलीत आईला ऐकू जाईल असं सांगायची, "ऐंशी टक्के तापलंय." दूध उतू गेलं की त्याच शांतपणे म्हणायची, "एकशे दहा." पुढे तिला स्कॉलरशिपा मिळाल्या. सरकारचा शाळांवरचा पैसा कोणाच्या वाट्याला किती येतो आणि कोणाच्या तोंडाला पानं पुसली जातात, यावर तिने पाच वर्षं घासून पीएचडी केली. पण आत्याच्या फोनवर ती टक्केच राहिली.

"काय टक्के, लग्नाचं किती टक्के?"

"शून्य."

"अगं वा, म्हणजे भरपूर वाव आहे."

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. शहर संपून दगडखाणी सुरू होतात त्या रस्त्याला एक छोटी सरकारी शाळा होती, तिची ती मुख्याध्यापिका. मुलं तेवीस, वर्ग चार, खोल्या दोन, शिक्षक दोन. त्यातले दुसरे गुरुजी वर्षातले निम्मे दिवस कसल्या ना कसल्या सरकारी गणतीला जुंपलेले. त्यामुळे शिकवणं, घंटा देणं, टाकीत काठी घालून पाणी किती उरलंय ते बघणं आणि भांडणं सोडवणं हे सगळं आत्याच करायची. मुलांना ती हजेरीपटावरच्या नावाने कधी हाक मारत नसे. एक 'बातमीदार' होती, एक 'उद्या आणतो', एक 'पोट दुखतंय'. पोरंही काही कमी नव्हती. मधल्या सुट्टीत बातमीदार ओढणी कमरेला खोचून, कमरेवर हात ठेवून आत्याची हुबेहूब नक्कल करायची, "कोण बोललं? मी विचारतेय कोण बोललं?" आणि आत्या दारामागून म्हणायची, "शेवटचा शब्द अजून ताण. मी ताणते."

ही शाळा वाचावी म्हणून पुढे टक्के खूप धावली. पण त्या शाळेला लागलेली काडी आधी तिनेच ओढली होती, आणि तीसुद्धा अगदी नियमाला धरून.

विद्यापीठात टक्केला तीन वर्षांची फेलोशिप होती आणि बसायला जिन्याखालची खोली. खोलीत एक बंद पडलेलं झेरॉक्स मशीन होतं. ते हलवायला तीन खात्यांच्या सह्या लागत होत्या, म्हणून तिने त्याच्यावर चादर घालून फायली ठेवल्या होत्या. छत इतकं खाली की येणारा प्रत्येक माणूस वाकूनच आत यायचा आणि तिला उगाच मोठं झाल्यासारखं वाटायचं. तिचे सरही वाकूनच यायचे. सर मनाने चांगले होते, फक्त ज्यात काडीची गंमत नाही अशी प्रत्येक गोष्ट ते "आता गंमत बघ" असं म्हणून सुरू करायचे. "आता गंमत बघ, आपलं अनुदान अर्धं कापलंय." "आता गंमत बघ, माझं ऑपरेशन ठरलंय."

काम असं होतं. एका विभागातल्या बासष्ट सरकारी शाळा. शिक्षकांचे पगार बाजूला ठेवायचे आणि उरलेला खर्च, म्हणजे खडू-फळ्यापासून नळ-खिडक्यांपर्यंत, एका वर्षात दर मुलामागे किती झाला ते काढायचं. त्या बासष्टांत आत्याची शाळा होती, हे टक्केला माहीत होतं. तिने आत्याला कौतुकाने सांगितलंही होतं, "तू माझ्या नमुन्यात आहेस."

"नमुना तर मी आहेच," आत्या म्हणाली होती. "तुझ्या बापाला विचार."

पण अशा अभ्यासात शाळेचं नाव उघड करायचं नसतं. कुठल्या शाळेला, कुठल्या शिक्षकाला त्याचा त्रास होऊ नये म्हणून विद्यापीठाची एक समिती असते आणि तिचा नियम असतो. टक्केने नियमाप्रमाणे समितीच्या माणसाकडून चिठ्ठ्या टाकवून प्रत्येक शाळेला एक नंबर दिला; त्याने सगळ्या कागदांवरची नावं खोडून नंबर घातले, कोणता नंबर कोणाचा याची यादी तिला न दाखवता पाकिटात घालून सील केली आणि पाकीट समितीच्या कपाटात ठेवलं. तिथून पुढे दीड वर्ष तिच्यासाठी शाळा उरल्या नाहीत, नंबर उरले. "सात नंबर बिचारा फार गरीब आहे गं," ती मैत्रिणीला सांगायची. "तेहतीस जरा आगाऊ आहे." शिक्षण खात्याकडून आलेल्या कागदांत प्रत्येक शाळेचा एकूण खर्च पहिल्या पानावर होता आणि कशावर किती झाला ते मागच्या आठ-दहा पानांत. टक्केने पहिलं पान तेवढं टाइप करून घेतलं. बासष्ट शाळांची मागची पानं म्हणजे चार महिन्यांचं काम होतं.

तक्ता तयार झाला तेव्हा सगळ्यात वर बसला एक्केचाळीस नंबर. दर मुलामागे खर्च सगळ्यांत जास्त, तळाच्या शाळेच्या नऊपट.

एक्केचाळीस म्हणजे आत्याची शाळा. हे त्या पाकिटाला माहीत होतं, टक्केला नव्हतं. अकरा वर्षं आत्याच्या शाळेचं छप्पर गळत होतं, मधला वासा वाकला होता, आणि नेमक्या त्याच वर्षी सरकारने एकदाचं नवं छप्पर दिलं होतं. छपराची गोष्ट टक्केला पाठ होती. आत्याने नव्या पत्र्याखाली उभं राहून काढलेला फोटो घरातल्या सगळ्यांना पाठवला होता आणि खाली लिहिलं होतं, 'आकाश बंद.' टक्केने त्यावर टाळ्यांचं चित्रही पाठवलं होतं. म्हणजे छप्परही तिला माहीत होतं आणि आकडाही. दोन्हींच्या मध्ये सील केलेलं पाकीट होतं, एवढंच.

नऊपट बघून तिला खटकलं मात्र. ती समितीच्या ऑफिसात गेली. तिथले कारकून कागदांबद्दल असं बोलायचे की जणू कागद त्यांच्या घरी राहायला आलेत.

"पाकीट उघडायचंय? नाही हो मॅडम. पाकीट आत्ता झोपलंय."

"एकाच नंबरचं बघायचंय. काहीतरी चुकलंय असं वाटतंय मला."

"वाटणं हा कॉलम नाही आपल्याकडे. दोन फॉर्म भरा, एक कारणाचा, एक हमीचा. मग फाइल वर जाईल, वर दोन दिवस बसेल, जरा गप्पा मारेल, मग खाली येईल."

"किती दिवस?"

"धरा दहा."

लेख शुक्रवारी द्यायचा होता आणि तो दिवस मंगळवार. टक्केने दोन्ही फॉर्म घेतले, घडी करून पर्समध्ये ठेवले आणि वाकून आपल्या खोलीत आली. मागोमाग सर आले.

"सर, एक्केचाळीस काढून टाकू का? फारच वेगळा आकडा आहे."

"आता गंमत बघ," सर म्हणाले. "साठ आकडे लोक विसरतात. असा एक आकडा लक्षात ठेवतात. तो काढलास तर तुझ्या लेखात राहिलं काय? वाटप विषम आहे हेच तर तुला सांगायचंय ना? मग तो आकडाच सांगतोय."

टक्केला तेच सांगायचं होतं. एकाला नऊपट मिळतं आणि दुसऱ्याला फळा पुसायला फडकं मिळत नाही, तर त्या दुसऱ्याला द्या, एवढंच तिला म्हणायचं होतं. सर बोलले ते तिला पटलं, आणि जे सोयीचं असतं ते लवकर पटतं. तिने वाक्य लिहिलं: 'शाळा क्रमांक ४१ हे वाटपातल्या मनमानीचं सर्वांत ठळक उदाहरण आहे.' मग ते मोठ्याने वाचून पाहिलं. 'ठळक' हा शब्द तिला फारच आवडला.

लेख छापून आला. सरांनी सगळ्या विभागाला कॉफी पाजली. बाबांनी अंक हातात घेऊन पहिलं पान, शेवटचं पान आणि किंमत बघितली आणि म्हणाले, "मस्त. वजनदार आहे."

सात महिन्यांनी, सकाळी भर कामाच्या वेळी आत्याचा फोन आला.

"टक्के, बस आधी. बसलीस? तुझं नाव आलंय सरकारी कागदावर."

"कुठल्या कागदावर?"

"अगं परिपत्रक आलंय आमच्याकडे. खाली बारीक अक्षरात तळटीप आहे, त्यात तुझं नाव, अंक, पान नंबर, सगळं. मी गुरुजींना दाखवलं. म्हटलं, ही आमची भाची. गुरुजी म्हणाले, भाची मोठी झाली. मी म्हटलं, पंचाण्णव टक्के."

"आत्या, परिपत्रक कशाचं आहे?"

 वर्गात वाचून दाखवायच्या आवाजात आत्याने वाचलं. ज्या शाळांमध्ये तीसपेक्षा कमी मुलं आहेत आणि दर मुलामागे खर्च सरासरीहून जास्त आहे, असं अलीकडच्या अभ्यासातून दिसून आलं आहे, त्या जवळच्या मोठ्या शाळेत विलीन करण्यात येतील. हरकती पंधरा दिवसांत.

"अकरा शाळांची यादी आहे. आम्ही पहिल्या," आत्या म्हणाली. "तेवढं सोडलं तर कागद छान आहे."

खालच्यांना वर आणा असं टक्केने लिहिलं होतं. पण खालच्याला वर आणायला पैसा लागतो, वरच्याला खाली ओढायला फक्त सही लागते. आणि नंबरामागची शाळा ओळखायला खात्याला पाकीट लागत नव्हतं. खर्चाचे मूळ कागद त्यांचेच होते. त्यांनी आकड्याला आकडा लावून पाहिला. नंबर देऊन टक्केने शाळा लपवली होती ती फक्त स्वतःपासून.

तिने ते दोन फॉर्म त्याच दिवशी भरले आणि यादी येईपर्यंत वाट न पाहता मागची पानं काढून बसली. दुपारी तिला सापडलं. 'इमारत दुरुस्ती, छप्पर, एकरकमी.' तिने ते छप्पर वजा करून पुन्हा गणित केलं. बासष्टांत पहिला असलेला एक्केचाळीस नंबर चोपन्नावर येऊन बसला. ती बराच वेळ त्या चोपन्नाकडे बघत राहिली. मग जिन्यावरून कोणीतरी धडधडत खाली उतरलं आणि ती भानावर आली.

सरांना तिने सगळं सांगितलं. सर खुर्ची ओढून बसले. "आता गंमत बघ," ते म्हणाले, पण या वेळी त्यांचा आवाज पडला होता. "चूक मान्य करायचीही एक रीत असते. संपादकांना पत्र लिही. त्यांचं उत्तर आलं की ते घेऊन ऑफिसात जा. असं रिकाम्या हाताने जाऊन उभी राहिलीस तर कोणी ऐकणार नाही. आणि याच महिन्यात तुझी फेलोशिप वाढायची आहे, तेही बघ."

टक्केने तेही बघितलं. संपादकांना पत्र लिहिलं आणि उत्तराची वाट बघत नऊ दिवस घालवले. हे नऊ दिवस नंतर तिला त्या दोन फॉर्मपेक्षाही जास्त बोचले. फॉर्म भरले नाहीत तेव्हा तिला काही माहीत नव्हतं. या नऊ दिवसांत सगळं माहीत होतं.

दहाव्या दिवशी ती आत्याच्या शाळेत गेली. मधली सुट्टी होती. आत्या पायरीवर बसून एका पोराच्या दप्तराचा पट्टा शिवत होती. वर ते निळं छप्पर चकाकत होतं.

"आत्या, तो आकडा चुकीचा आहे. माझ्याकडून चुकलंय."

"कुठला?"

टक्केने सांगितलं. पाकीट, नंबर, पहिलं पान, मागची पानं. सांगताना ती इतकी भराभरा बोलत होती की आत्याने दोनदा हात वर केला, मुलांना करायची तसा.

"थांब. म्हणजे तू माझं छप्पर मोजलंस."

"हो."

"आणि मी पैशात लोळतेय असं लिहिलंस."

"मला माहीत नव्हतं ती तू आहेस."

"मी नसते, दुसरी कोणी असती, तर चाललं असतं?"

 आत्याने दोरा दाताने तोडला.

"मला एक सांग. माहिती घ्यायला तुझी विद्यापीठातली मुलं आली होती ना शाळेत, फॉर्म भरायला? काय काय विचारलं त्यांनी. फळे किती, नळ किती, मुली किती. त्या वर्षी शाळेत काय झालं, असं एकानेही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी त्यांना चहा पाजून सांगितलं असतं, आणि ते नको म्हणेपर्यंत सांगितलं असतं." मग पट्टा ओढून बघत म्हणाली, "उंटावरून शेळ्या हाकायला तुम्हाला शिकवतात तरी किती वर्षं?"

"पाच."

"बरोबर. चांगला उंच असतो उंट."

ती रागावून बोलली नाही, आणि तेच टक्केला जड गेलं. रागावली असती तर माफी मागता आली असती.

सुनावणी खात्याच्या ऑफिसात होती. अकरा शाळा एका सकाळीत उरकायच्या होत्या. बाकांवर मुख्याध्यापक आपापल्या फायली मांडीवर धरून बसले होते, प्रत्येकाच्या फायलीला शाळेतलंच चिकटवलेलं लेबल. उपसंचालक सभ्य माणूस होते. ते उठून उभे राहून नमस्कार करत, पाणी विचारत आणि प्रत्येक वाक्यात एकदा तरी 'तत्त्वतः' म्हणत.

टक्केने दुरुस्त केलेला तक्ता त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून तो नीट वाचला.

"तत्त्वतः तुमचं म्हणणं लक्षात आलं माझ्या. छप्पर वीस वर्षं टिकतं, ते एका वर्षात धरायचं नाही. बरोबर?"

"हो सर."

"पण लेखात धरलंय."

"ती माझी चूक आहे."

"लेख तुमचाच?"

"माझाच."

"तो तीन तज्ज्ञांनी तपासला होता, असं त्यातच लिहिलंय. हा नवा तक्ता कोणी तपासला?"

"मी."

"म्हणजे तत्त्वतः असं झालं," त्यांनी चष्मा काढला, "की तुमच्या शब्दावर विश्वास ठेवून मी तुमच्याच शब्दावर अविश्वास दाखवायचा. मला चालेल हो. फाइलला कसं चालेल?"

मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. टक्केही हसली असती, दुसऱ्या कोणाची गोष्ट असती तर.

"मासिकात दुरुस्ती छापून येऊ द्या," ते म्हणाले, "मी लगेच जोडतो. कधी येईल?"

संपादकांचं उत्तर आदल्या दिवशीच आलं होतं. "आठ महिने," टक्के म्हणाली.

"आणि शाळा सुरू होणार चार महिन्यांत." ते खरोखर हळहळले. मग त्यांनी यादीत बघितलं. "मुख्याध्यापिका आल्यात का? तुम्हाला काही सांगायचंय?"

आत्या उठली. तिने फाइल आणलीच नव्हती.

"साहेब, छपरासाठी मी अकरा अर्ज केले. दर वर्षी एक. एकाही अर्जावर असं उत्तर आलं नाही की बाई, छप्पर दिलं तर शाळा काढून घेऊ. आलं असतं तर मी गप्प बसले असते. पोरांना छत्र्या वाटल्या असत्या."

उपसंचालकांनी मान खाली घातली आणि ते वाक्य लिहून घेतलं. निदान हात तरी हलला. कागदावर काय उतरलं ते कोणी बघितलं नाही.

महिन्याभराने निकाल आला. अकरांपैकी दोन शाळा वाचल्या, कारण त्यांच्या वाटेत नदी होती. आत्याच्या शाळेच्या वाटेत फक्त मोठा रस्ता होता, खडीचे ट्रक जातात तो. तो पार करून चार किलोमीटरवर मोठी शाळा. कागदावर चार किलोमीटर म्हणजे 'जवळच' असतं.

फेलोशिप वाढली. पत्रात समितीने लिहिलं होतं की या संशोधनाचा धोरणावर प्रत्यक्ष परिणाम झाल्याची विशेष नोंद घेण्यात आली आहे. टक्केने ते पत्र घरी दाखवलं नाही. पण बाबांना कुठूनतरी कळलं, आणि ते एवढंच म्हणाले, "घे. नाही म्हणून कोणाची शाळा परत येणार आहे?" ते बरोबरच होतं. तिने घेतली, आणि ते बरोबर असणंच तिला पुढे कितीतरी दिवस घशाखाली उतरलं नाही.

आत्या मोठ्या शाळेत साधी शिक्षिका म्हणून गेली. तेवीसांतली सतरा मुलं तिच्याबरोबर गेली. सहा गेली नाहीत.

दुरुस्ती आठ महिन्यांनी, सांगितल्याबरहुकूम आली. टक्केने तिच्यासाठी तीन पानं लिहून पाठवली होती: छप्पर काय, अकरा अर्ज काय, एकूण आकड्यावर का विसंबू नये, परिपत्रकात त्याचं काय झालं. संपादकांनी फोन करून समजावलं होतं की दुरुस्तीला ठरलेला मजकूर असतो, त्यात लेखकाचा इतिहास बसत नाही. छापून आल्या त्या चार ओळी, अंकाच्या शेवटच्या पानावर, वर्गणीच्या फॉर्मच्या वर. शाळा क्रमांक ४१ चा आकडा अमुक ऐवजी तमुक असा वाचावा. लेखिकेला खेद आहे.

टक्केने 'खेद आहे' हे दोन शब्द पुन्हा पुन्हा वाचले. कुठल्याही चुकीला लावा, बसतील असे शब्द होते. तक्त्यातली चूक असो, संदर्भाचं साल चुकलेलं असो.

रविवारी ती अंक घेऊन आत्याकडे गेली. आत्याने चष्मा शोधला, चार ओळी वाचल्या आणि अंक तिच्या हातात परत दिला.

"बरं झालं छापलं. ते साहेब वाचतील हे?"

"त्यांची बदली झाली."

"आणि नवे?"

"त्यांना मी पाठवलंय. पोच आली."

"पोच तर मलाही अकरा आल्या होत्या." आत्याने चपला घातल्या. "चल. मी सहाजणांकडे जाते रविवारी. येणार असलीस तर ये, पण तिथे टक्के नको सांगूस कोणाला."

पहिलं घर बातमीदाराचं होतं. एकच खोली, दारातच शिलाई मशीन, आणि त्याच्यावर तिची आई पिशव्या शिवत होती. शिवलेल्या पिशव्यांचा ढीग तिच्या खांद्यापर्यंत आला होता. बातमीदार आत पाय पसरून पिशव्या उलटवत होती. शिवण आत गेली पाहिजे म्हणून बोटाने कोपरा ढकलायचा, मग पुढची. आत्याला बघताच तिचं सुरू झालं. पलीकडच्या घरी मांजर व्यालं, कोपऱ्यावरच्या दुकानाला नवीन शटर लागलं, आणि शाळेच्या छपराखाली आता खाणीवाल्यांची पोती ठेवतात, एक पोतं फुटलं, उंदीर झालेत.

"दप्तर आण," आत्या म्हणाली. "बातम्या नंतर."

दोघी आतल्या भिंतीशी बसल्या. टक्के दारात उभी होती. मशीनवरच्या बाईने पिशव्या सरकवून तिला बसायला जागा करून दिली.

"तुम्हीपण बाईंच्या शाळेत का?"

"नाही. मी भाची त्यांची."

"बाई येतात दर रविवारी, देव माणूस. पण आठवड्यातून एक दिवस काय पुरणार? तिकडे घालायला मला काय नको आहे का? सोडायचं कोणी? मी इथून उठले की पिशव्या दुसरीकडे जातात. आणि त्या ट्रकांमधून एकटीला नाही पाठवत मी. आठ वर्षांची आहे." पाय चालूच होता, त्यामुळे ती मशीनच्या वर आवाज चढवून बोलत होती. "म्हणे कोणीतरी शिकलेल्या माणसाने लिहून दिलं की इथे खर्च फार होतोय. त्याला म्हणावं, एकदा या रस्त्याने चालून दाखव."

आत आत्याचा आवाज थांबला. तिने मान वळवूनही पाहिलं नाही. टक्केला गप्प बसता आलं असतं.

"ते मी लिहिलं होतं," टक्के म्हणाली.

मशीन थांबलं.

"तुम्ही?"

"हो. चुकीचं लिहिलं होतं."

बाईने तिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. कोणीतरी मोठा माणूस असेल असं तिच्या मनात होतं बहुतेक. चेहऱ्यावर राग यायचा तो आलाच नाही, आधी नवल आलं.

"मग आता बरोबर लिहा की."

"लिहिलं. छापूनही आलं."

"आलं? मग उघडणार का शाळा?"

"नाही."

"नाही कशी? चूक होती म्हणता ना?"

"हो."

"त्यांनी वाचलं नाही का मग?"

"पोच आली," टक्के म्हणाली, आणि म्हटल्या म्हटल्या तिची तिलाच लाज वाटली.

बाईला काही ते जुळेना. ती टोचून बोलत नव्हती, तिला खरंच समजून घ्यायचं होतं. तुमच्या एका लिहिण्याने शाळा बंद होते, मग दुसऱ्या लिहिण्याने उघडत का नाही, हाताने तर दोन्ही तुम्हीच लिहिलंत, असं तिने दोनदा, दोन वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारून पाहिलं. टक्केकडे या प्रश्नावर वाचलेलं पुष्कळ होतं. त्यातलं एक वाक्यही त्या दारात बोलता येईल असं नव्हतं.

 बाईने मग सुईखाली पुढची पिशवी सरकवली आणि पाय चालवायला घेतला.